नानांची मिशी निळी का झाली?

मागच्या जुलैत आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, 75 पूर्ण झाली. डोंबिवलीत छोटा हॉल घेतलेला, साठेक माणसं, आणि पोरांनी हौसेने फोटो केक सांगितलेला. फोटो नानांच्या लग्नातला, ब्लॅक अँड व्हाइट, भरघोस काळ्या मिशीचा. केक चारला आला तो हॉलवाल्याच्या फ्रीजमध्ये गेला, साडेसातला बाहेर काढून टेबलावर मांडला, मग भाषणं लांबली आणि बाहेर पाऊस धो धो. आठ वाजेस्तोवर नानांची मिशी हनुवटीपर्यंत उतरली होती, आणि गंमत म्हणजे काळी राहिलीच नव्हती, कडेला निळी-हिरवी आणि मधे गाजरासारखी तांबूस.

आत्याबाई म्हणाल्या, "जित्या माणसाचा फोटो सुरीने कापायला ठेवलात, आणखी काय होणार!" दुसरीकडे एका भाच्याने लगेच फोन काढून केकच्या रंगाने कॅन्सर होतो हा फॉरवर्ड वाचून दाखवला. मी मात्र त्या मिशीकडेच बघत बसले होते, कारण कॉलेजात प्रॅक्टिकलला जे करायला अख्खा तास लागायचा ते इथे केकवर आपोआप चाललं होतं. आत्याबाईंचं म्हणाल तर, फोटो कापायच्या आधीच विरघळला होता, त्यामुळे सुरीवर आळ घेता येत नाही.

आधी हा फोटो छापतात कसा ते पटकन सांगते. साधा इंकजेट प्रिंटरच असतो, फक्त पहिल्या दिवसापासून त्यात खायचीच शाई घातलेली हवी. ऑफिसची शाई एकदा फिरलेला प्रिंटर कितीही धुतला तरी चालत नाही, आणि लेझर प्रिंटर तर विचारूच नका, त्याचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. कागद दोन प्रकारचे. वेफर पेपर हा बटाट्याच्या स्टार्चचा, पातळ, कडक, पापडाच्या जवळचा. दुसरी शुगर शीट किंवा आयसिंग शीट, स्टार्च, साखर आणि ग्लिसरीनची लवचिक चादर, मागे प्लॅस्टिक चिकटवलेलं, ते सोलून शीट केकवर टाकायची. पांढरी शाई या प्रिंटरमध्ये नसतेच, फोटोतला पांढरा म्हणजे शीटचाच पांढरा, म्हणून चॉकलेट केकवर थेट छापता येत नाही. काही प्रिंटरात शाई उडते ती वाफेच्या जोरावर. 1977 मध्ये जपानात कॅननच्या एका संशोधकाचं गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली, त्यातनं ही कल्पना निघाली. थेंब इतका बारका की 5 पिकोलिटरचा धरला तर एका मिलीत 20 कोटी बसतात.

आता मिशी. आपल्या देशात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग मोजून 8 आहेत. लाल तीन: पॉन्सो 4आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन. पिवळे दोन: टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. निळे दोन: ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन. हिरवा एक: फास्ट ग्रीन. काळा यादीत नाहीच! मग काळी शाई करायची तर निळा, लाल, पिवळा एकत्र कालवायचे. शाळेत ब्लॉटिंग पेपरच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन टोक पाण्यात बुडवलेलं आठवतंय ना, पाणी वर चढतं तसे ठिपक्यातले रंग वेगवेगळे होतात, जो रंग कागदाला कमी धरून राहतो तो पुढे पळतो. ब्रिलियंट ब्लू हा पळणारा गडी आहे. म्हणून मिशीची कड निळी आणि मागे राहिलेलं तांबूस.

पण ब्लॉटिंग पेपरला पाणी आपण देतो, इथे ते कुठून आलं? एक तर फ्रीज. हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर जी वस्तू 27 अंशांपेक्षा गार असेल तिच्यावर दव धरणारच, आणि केक आला 4-5 अंशांवरून, म्हणजे नानांच्या चेहऱ्याला अक्षरशः घाम फुटला. दुसरं पाणी खालून, व्हिप क्रीममधून. इथे लोकांची एक समजूत चुकते, त्यांना वाटतं पाणी जास्त असलेल्या पदार्थातून कमी असलेल्यात जातं. टक्केवारीला तसा अर्थ नाही, त्यातलं पाणी मोकळं किती आणि बांधलेलं किती याला आहे. मधात पाणी असतं पण साखरेने ते धरून ठेवलेलं असतं, म्हणून मध उघडा ठेवला तर उलट हवेतलं पाणी ओढतो. व्हिप क्रीममधलं पाणी बरंचसं मोकळं, शुगर शीट साखर आणि ग्लिसरीनमुळे तहानलेली, आणि मधे भिंत काहीच नाही. पापड डब्याबाहेर राहिला की सादळतो तशीच शीट सादळते, फक्त पापडावर फोटो नसतो म्हणून कळत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. हे रंग पाण्यात इतके सहज का विरघळतात? कारण त्यांच्या रेणूला मुद्दाम सल्फोनेटचे गट लावलेले असतात, गंधक आणि तीन ऑक्सिजनचं ऋणभारित शेपूट म्हणा. ब्रिलियंट ब्लूला तीन, टार्ट्राझिनला दोन. भार असलेल्या रेणूला पाणी आवडतं, तेल नाही, आणि आपल्या आतड्याच्या पेशींचं वेष्टण तेलकट असतं, त्यामुळे ब्रिलियंट ब्लू त्यातून जवळजवळ आत शिरतच नाही, आला तसा निघून जातो. पिवळे-लाल बहुतेक अॅझो जातीचे, म्हणजे मधे नायट्रोजन-नायट्रोजन जोड, आणि तो जोड मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. तोडल्यावर दोन तुकडे होतात, आणि टार्ट्राझिन किंवा सनसेट यलोच्या दोन्ही तुकड्यांवर सल्फोनेट शिल्लक राहतो, म्हणजे तुकडेही पाण्यातच रमतात. याउलट मेटानिल यलो घ्या, तूरडाळीत आणि हळदीत भेसळ म्हणून सापडणारा. त्याला सल्फोनेट एकाच बाजूला. तुटला की एक तुकडा बिनशेपटाचा सुटतो, तो शरीरात शिरू शकतो, भानगड तिथे आहे. (एरिथ्रोसिन या हिशोबात बसत नाही, त्यात आयोडीन असतं, अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये त्याची खाण्यातली परवानगी काढली.) तर ज्या गुणामुळे नानांची मिशी वाहिली, त्याच गुणामुळे ती खाता येते.

मग फॉरवर्डमधला कॅन्सर? ऑक्टोबर 2024 मध्ये कर्नाटकच्या अन्न सुरक्षा विभागाने जाहीर केलं की केकचे 235 नमुने तपासले, त्यातल्या 12 मध्ये रंगांचा घोटाळा निघाला. बातमी खरीच होती, पण ती फिरता फिरता 'केक म्हणजे विष' झाली आणि उरलेले 223 कुठे गेले कोणी विचारलं नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. तयार पदार्थात साधारण मर्यादा किलोला 100 मिलिग्रॅम. पानभर फोटोला ढोबळ हिशोबाने मिलीभर शाई लागते, त्यात 3 टक्के रंग धरला तर 30 मिलिग्रॅम, तोही साठ जणांत वाटलेला. खरा रंग असतो गडद लाल किंवा काळ्या क्रीमच्या फुलांत, तिथे जेल कलर चमच्याने जातो आणि कोणी मोजत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या शाईची बाटलीही वाचून घ्या, अमेरिकेत चालणारा अॅल्युरा रेड आपल्या 8 मध्ये नाही. आणि 'नॅचरल' लिहिलं की लगेच भुलू नका, कार्माइन हा नैसर्गिक लाल रंग किड्यांपासून काढतात, आमच्या आत्याबाईंना सांगितलं तर त्या केकच्या खोलीतही येणार नाहीत.

डिसेंबरात सासूबाईंचा वाढदिवस आला तेव्हा मी फोटो घरीच लावला. क्रीमवर आधी वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ थर ओतून थिजू दिला, चॉकलेटमधल्या चरबीला पाण्याशी देणंघेणं नसतं म्हणून मधली भिंत तयार झाली. शीट शेवटपर्यंत झिप पाउचमध्ये, आणि केक फ्रीजबाहेर काढून त्याचा गारवा पुरता गेल्यावर, कापायच्या वीस मिनिटं आधी ती चिकटवली. फोटो शेवटपर्यंत हलला नाही. सासूबाईंच्या शालूचा निळा काठ धाकट्या भाच्याने एकट्याने संपवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचा घाबरून फोन आला की ह्याला हिरवी शी झालीये, डॉक्टरकडे नेऊ का.

म्हटलं, काठ आतड्यातून अंगात शिरला नाही, सरळ बाहेर पडला. उद्यापर्यंत वाट बघ.