पीडीचा चीफ आणि सर्व्हरचा अ‍ॅडमिन

जीटीए आरपी म्हणजे जीटीए या व्हिडिओ गेममध्ये एखादं पात्र होऊन जगण्याचा ऑनलाइन खेळ. त्याच्या नव्या सर्व्हरवर हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच: "चीफ सर, याला बॅन करा ना!" पाठलाग संपलेला असतो, खेळातल्या शहरात लीजन स्क्वेअरजवळ कुणाची तरी गाडी उलटून पडलेली असते, आणि नुकताच भरती झालेला कॅडेट रेडिओवरच ही मागणी करून मोकळा होतो. चीफ म्हणजे खेळातल्या पीडीचा (पोलीस खात्याचा) प्रमुख, आणि बॅन करणं म्हणजे सर्व्हरबाहेर काढणं, हे सर्व्हर चालवणाऱ्या अ‍ॅडमिनचं काम. चीफला कुणाला बॅन करता येत नाही. येत असेल, तर त्या सर्व्हरची रचनाच चुकली आहे असं माझं मत आहे.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोघांच्या हाती अधिकार, डिस्कॉर्डवर दोघांचीही नावं रंगीत अक्षरांत वरच्या बाजूला. आपल्याकडे तर दोघांनाही 'सर'च म्हणतात. त्यातून खेळात सुरू झालेलं 'सर' डिस्कॉर्डवरही सुटत नाही, आणि हळूहळू चीफलाही वाटायला लागतं की आपला हुकूम तिथेही चालतो.

सर्व्हरच्या फाइलींत डोकावलं, तर हे दोन अधिकार वेगवेगळ्या जागी राहतात हे लगेच दिसतं. असे सर्व्हर चालवण्याच्या फाइव्हएम या प्लॅटफॉर्मवरचे बरेच सर्व्हर ईएसएक्स किंवा क्यूबीकोअर या तयार सांगाड्यांवर (फ्रेमवर्कवर) उभे असतात. क्यूबीकोअरमध्ये नोकऱ्यांची एक फाइल असते. त्यात पोलिसांच्या मूळ पायऱ्या रिक्रूट 0, ऑफिसर 1, सार्जंट 2, लेफ्टनंट 3 आणि चीफ 4 अशा आहेत. चीफच्या नोंदीपुढे तो 'बॉस' असल्याची एक खूण असते, बस. त्या खुणेमुळे त्याला बॉस मेनू मिळतो: माणूस घ्या, काढा, बढती द्या, खात्याचे पैसे बघा. त्याच फाइलीत मेकॅनिकच्या गॅरेजच्या मॅनेजरचीही नेमकी अशीच खूण असते. म्हणजे सर्व्हरच्या लेखी चीफ आणि गॅरेजवाला एकाच तोलाचे.

अ‍ॅडमिनची सत्ता या फाइलीत नाहीच. ती सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फाइलीतल्या) परवानग्यांत आणि सर्व्हर सांभाळण्याचं साधन असलेल्या टीएक्सअ‍ॅडमिनच्या पॅनेलमध्ये असते. भिंतीतून आरपार जाणं, कुणाच्याही डोक्यावर अदृश्य राहून बघणं, मेलेल्याला उठवणं, ताकीद, किक, बॅन हे सगळं तिथून होतं. चीफही तिथूनच जन्माला येतो, कारण पहिल्यांदा कुणाला तरी 'पोलीस, 4' ही नोकरी अ‍ॅडमिनच देतो. त्यापुढे मात्र चीफला शहरातलं तेवढंच दिसतं जेवढं चौकात उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं.

आता एकच घटना दोघांच्या नजरेतून बघू. मिशन रो ठाण्याच्या दारात एकाने ऑफिसरवर गोळी झाडली. त्या दोघांत आधीपासून वैर चाललं असेल, धमक्या झाल्या असतील, तर हा गुन्हा आहे आणि तो चीफच्या खात्याचा. एमडीटीवर, म्हणजे पोलिसांच्या खेळातल्या संगणकावर, नोंद करा, साक्षीदार शोधा, पकडा, कलमं लावा, तुरुंगात पाठवा. ओळख नाही, संवाद नाही, कारण नाही आणि तरी गोळी झाडली, तर ती आरडीएम म्हणजे विनाकारण हत्या, आणि ती अ‍ॅडमिनच्या टेबलावर जाते. तिथे एमडीटी चालत नाही. तिथे व्हिडिओ क्लिप लागते आणि तक्रारीचं तिकीट उघडावं लागतं.

अवघड भाग असा की गोळी लागते त्या क्षणी यातलं नक्की काय घडलं हे कळत नाही. म्हणून शहाणे चीफ पोरांना एकच शिस्त लावतात: सीन पूर्ण करा, मग तिकीट टाका. रेडिओवर 'आरडीएम', 'फेल आरपी' (पात्राला न शोभणारं खेळणं), 'मेटा' (खेळाबाहेरची माहिती खेळात वापरणं) हे शब्द काढायचेच नाहीत. समोरच्याने नियम मोडला असेल असं वाटलं तरी पात्र सोडायचं नाही. कारण अर्ध्या वेळा नंतर असं निघतं की त्या ऑफिसरने मागच्या आठवड्यात त्या माणसाच्या भावाला उचललं होतं आणि स्वतःच विसरला होता.

खात्याच्या आतही हीच फोड करावी लागते. एखाद्या ऑफिसरने टोळीकडून पैसे खाऊन छाप्याची वेळ फोडली, तर ते पात्राचं पाप. इंटर्नल अफेअर्सने चौकशी करावी, चीफने निलंबित करावं, आणि खरं सांगायचं तर हे चांगलं कथानक आहे. (बऱ्याच सर्व्हरवर भ्रष्ट पोलीस खेळायला आधी परवानगी घ्यावी लागते, हे वेगळं.) पण त्याच ऑफिसरने गुन्हेगाराचा ट्विच स्ट्रीम (थेट प्रक्षेपण) दुसऱ्या स्क्रीनवर उघडून त्याचा अड्डा शोधला, तर ते मेटागेमिंग झालं. त्यासाठी चीफने खेळातल्या खेळात निलंबनाचं पत्र काढणं म्हणजे गुन्हा एकीकडे आणि शिक्षा भलतीकडे. ते प्रकरण जसंच्या तसं अ‍ॅडमिनकडे द्यायचं.

तिसरा प्रकार मात्र दोन्हींत बसत नाही, आणि चीफची खरी दमछाक तिथेच होते. प्रशिक्षण देणारा सीनियर व्हॉइस चॅनेलवर नव्या पोरांचा अपमान करतो. रात्री अकराच्या शिफ्टला कुणीच येत नाही. दोन सार्जंटांचं खऱ्या आयुष्यातलं भांडण गस्तीवर उतरतं. यात गुन्हा नाही आणि सर्व्हरचा नियमही मोडलेला नसतो. इथे चीफ पात्र म्हणून बोलत नाही. वीस-तीस हौशी माणसांचा गट सांभाळणारा खेळाडू म्हणून बोलतो. अर्ज वाचणं, कार्यपद्धती लिहिणं, वेळापत्रक लावणं, कुणाला बाजूला घेऊन समजावणं, ही सगळी बिनपगारी कामं त्याचीच. बाहेरून हे अ‍ॅडमिनगिरीसारखं दिसतं. फरक एवढाच की इथे तो फार तर खात्यातून काढू शकतो, सर्व्हरमधून नाही.

मग एकाच माणसाने दोन्ही केलं तर काय बिघडलं? छोट्या सर्व्हरवर असंच चालतं: मालकाचा मित्र अ‍ॅडमिन, आणि तोच चीफ. हे गल्ली क्रिकेटसारखं आहे, जिथे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा अंपायर असतो. तो प्रामाणिक असेलही, पण एलबीडब्ल्यू नाकारला की बॉलिंग करणारे मनातून खेळ सोडतात. रात्री अदृश्य होऊन अ‍ॅडमिनने एखाद्या टोळीचं गोदाम पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चीफ म्हणून त्याच गोदामावर छापा टाकला, तर त्याच्याकडे खबऱ्या होता की नव्हता याला काही अर्थ उरत नाही. यावर उपाय साधे आहेत: पोलीस खेळणाऱ्या अ‍ॅडमिनने पोलिसांविरुद्धचं तिकीट हातात घ्यायचं नाही, आणि अ‍ॅडमिन मेनूचा प्रत्येक वापर लॉग होऊन एका चॅनेलवर आपोआप पडायला हवा, जिथे तो इतर अ‍ॅडमिनना दिसेल.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हरण्यात आहे. अ‍ॅडमिनला हरायचं-जिंकायचं काही नसतं. चीफला मात्र हरता आलं पाहिजे, तेही वरचेवर. फ्लीका बँकेत चार जण ओलीस धरून बसलेत. वाटाघाटीत त्यांनी सुरक्षित वाट मागितली, ती दिली, आणि पाठलागात ते निसटले. चांगला चीफ यावर अहवाल लिहितो, वाईट चीफ पुढच्या वेळी बारा गाड्या आणि हेलिकॉप्टर पाठवतो. बँक लुटायला शहरात किमान किती पोलीस हवेत हा आकडा स्क्रिप्टमध्ये असतो आणि तो अ‍ॅडमिन किंवा डेव्हलपर ठरवतो. त्यातले किती बँकेकडे धाडायचे, पिट मॅन्युव्हर (पळत्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याला धक्का देऊन ती फिरवणं) किती वेगापर्यंत करायचा, बंदूक कधी काढायची, हे चीफ ठरवतो. शहर जिवंत राहतं की नाही ते बरंचसं या दुसऱ्या यादीवर ठरतं.

दोघांचे वरचे साहेबही वेगळे. खेळातलं शहर लॉस सॅन्टोस ज्यावरून बेतलं त्या खऱ्या लॉस एंजेलिसमध्ये चीफची नेमणूक महापौर करतो आणि मुदत 5 वर्षांची असते, जास्तीत जास्त दोनदा. चांगल्या सर्व्हरवरही चीफला पात्रांमधलाच कुणी महापौर किंवा न्यायाधीश अडवू शकतो. अ‍ॅडमिनला शहरातलं कुणी अडवत नाही, त्याचं उत्तरदायित्व बाहेर, जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीकडे, असतं. 2015 मध्ये रॉकस्टारने फाइव्हएमवर काम करणाऱ्यांची खाती बंद केली होती. त्याच फाइव्हएममागची सीएफएक्स टीम ऑगस्ट 2023 मध्ये रॉकस्टारमध्ये सामील झाली. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये रॉकस्टारने आरपी सर्व्हरसाठी धोरण जाहीर केलं होतं, आणि खऱ्या जगातले ब्रँड वापरायला त्यात मनाई आहे. म्हणून चीफ जेव्हा हट्ट धरतो की खात्याला खऱ्या फोर्डच्या गाड्या हव्यात, खेळातल्या काल्पनिक व्हॅपिडच्या नकोत, तेव्हा 'नाही' म्हणणारा अ‍ॅडमिन कंजूषपणा करत नसतो. सर्व्हर बंद पडला तर जाब त्यालाच द्यायचा असतो.

निरोपाच्या वेळीही हा भेद उघड होतो. चीफ गेला तर त्याचं पात्र निवृत्त होतं, पार्टी होते, नवा चीफ शपथ घेतो, आणि जुना हवं तर उद्यापासून टॅक्सी चालवतो. अ‍ॅडमिन गेला की त्याच रात्री टीएक्सअ‍ॅडमिनवरचं त्याचं खातं काढायचं, कॉन्फिगमधली त्याची ओळ पुसायची आणि डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा, मग तो कितीही प्रेमाने गेलेला असो.