स्टॅबिलायझर असताना टीव्ही कसा जळला?

मे महिना सरत आला होता. गोव्यात आमच्या डिचोलीत पाऊस अजून लागला नव्हता, पण सत्तरीच्या बाजूने संध्याकाळपासून गडगडत होतं. एकदा लख्खकन वीज चमकली, घरातले दिवे थरथरले आणि टीव्हीचा पडदा काळा झाला तो झालाच. बाबांनी लगेच विचारलं, "अरे, स्टॅबिलायझर लावलेला होता ना?"

लावलेला होता आणि तो अजूनही ठणठणीत चालू होता. यंत्रं उघडून बघण्याची मला लहानपणापासून हौस, तरी त्या दिवशी बाबांना धड उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीची मागची बाजू उघडली. (प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. सवय नसेल तर हा उद्योग करू नका.) पॉवर सप्लायच्या बोर्डावरचा फ्यूज काळा पडला होता. त्याच्या शेजारची बोराएवढी निळी चकती मधोमध तडकली होती आणि भोवती काजळी होती. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या चकतीत होतं.

दुकानात स्टॅबिलायझर आणि स्पाइक गार्ड (विजेचा झटका अडवणारा सॉकेटचा बोर्ड) ही दोन्ही 'व्होल्टेजपासून संरक्षण' म्हणूनच विकली जातात, त्यामुळे एक घेतलं की दुसऱ्याची गरज नाही असं वाटतं. मला आता कोणी विचारलं तर मी उलट विचारतो: तुमच्याकडचा त्रास किती वेळ टिकतो?

चवथीच्या दिवसांतली गोष्ट घ्या. मुंबई-पुण्याहून माणसं आलेली, गणपतीवरच्या माटोळीभोवती दिव्यांच्या माळा, घराघरात मिक्सर आणि पंप. वाड्याच्या टोकाला असलेल्या आमच्या घरात २३० व्होल्टच्या जागी १७० येतात आणि तासन् तास तसेच राहतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर नुसता घुमतो, सुरू होत नाही. मोटर अडकली की ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. इथे स्टॅबिलायझरच हवा. त्याच्या पोटात एक ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या वाइंडिंगमधून ठिकठिकाणी टॅप, म्हणजे जोडणीची टोकं, काढलेले असतात. आत येणारं व्होल्टेज मोजून रिले, म्हणजे विजेवर आपोआप हलणारा स्विच, योग्य तो टॅप जोडतो. रात्री शांततेत तो 'खट्' आवाज येतो तो याच रिलेचा. व्होल्टेज अगदीच हाताबाहेर गेलं तर स्टॅबिलायझर पुरवठा तोडतो. वीज परत आल्यावर फ्रीजला तीनेक मिनिटं थांबवून ठेवतो, कारण कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब समतोल होण्याआधी तो सुरू केला तर पुन्हा अडकतो.

पण मोजणं, ठरवणं आणि रिलेची पट्टी हलणं यात निदान काही मिलिसेकंद जातात. विजेचा झटका त्याआधीच घरात येऊन गेलेला असतो. प्रयोगशाळेत अशी उपकरणं तपासताना जो प्रमाण झटका देतात तो ८ मायक्रोसेकंदांत शिखरावर पोचतो आणि २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लाट पुरी व्हायला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे या वीस मायक्रोसेकंदांच्या हजारपट. रिले हलायच्या आत टीव्हीचा निकाल लागलेला असतो.

हा झटका अडवायला ती निळी चकती लागते. तिला एमओव्ही (मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर) म्हणतात. ती मुख्यतः झिंक ऑक्साइडची असते. माझ्या टीव्हीतल्या चकतीवर '१४डी४७१' असं छापलेलं होतं: व्यास १४ मिलिमीटर, आणि ४७१ म्हणजे ४७वर एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्ट. २३० व्होल्टची लाट शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टला पोचते, म्हणून एरवी ती चकती झोपलेली असते. व्होल्टेज ४७०च्या वर उसळलं की ती क्षणार्धात वाहक होते आणि झटका स्वतःवर घेते. टीव्हीत अशी एकच होती. ती फुटली, आणि तिच्यामागचा मॉस्फेट, म्हणजे पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, तोही गेला. टीव्हीच्या बाहेर, सॉकेटच्या बोर्डात आणखी मोठ्या चकत्या असत्या तर बराचसा भार तिथेच उतरला असता.

मग मी घरातला 'स्पाइक गार्ड' उघडला. सहा सॉकेट, लाल दिवा, जाड वायर, किंमतही बऱ्यापैकी. आत पितळेच्या पट्ट्या, एक स्विच आणि एक फ्यूज. चकती एकही नाही! तो साधा एक्स्टेंशन बोर्ड होता. तेव्हापासून मी खोक्यावर जूलचा आकडा (चकत्या झटक्याची किती ऊर्जा सोसतील तो) शोधतो आणि 'संरक्षण चालू आहे' असं दाखवणारा वेगळा दिवा आहे का ते बघतो. चकती प्रत्येक मोठ्या झटक्यासरशी झिजते. तो दिवा विझला की सॉकेट चालू राहतात, पण राखण संपलेली असते.

आता याच्या उलटचा प्रसंग. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या दारासमोर माडाची झावळी तारांवर पडली आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला. त्यांच्याकडे थ्री-फेज जोडणी आहे, म्हणजे वीज तीन वेगवेगळ्या तारांतून (फेजमधून) येते. अशा वेळी दोन फेजमधले चारशे व्होल्ट घरातल्या उपकरणांत वेडेवाकडे वाटले जातात आणि लाइनमन येईपर्यंत तसेच राहतात. त्यांचा स्पाइक गार्ड खरा होता, आत चकत्या होत्या. पण चकती झटका सोसते, सततचा जादा दाब नाही. ती तापत गेली, प्लास्टिक वितळलं आणि खोलीभर जळका वास पसरला. फ्रीज मात्र वाचला, कारण त्याच्या स्टॅबिलायझरने पुरवठा तोडला होता. वहिनी मला म्हणाल्या, "तूच तर स्पाइक गार्ड घ्यायला सांगितलं होतंस." हो, सांगितलं होतं, आणि स्टॅबिलायझर काढू नका हेही सांगितलं होतं.

आता आमच्याकडे फ्रीज स्टॅबिलायझरवर आहे. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय. कमी व्होल्टेज तो स्वतःच सांभाळतो, म्हणून त्याचा स्टॅबिलायझर काढून खरा स्पाइक गार्ड लावला. राउटरही त्याच बोर्डावर. एसी घेताना तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते वाचा, त्यावर स्टॅबिलायझर हवा की नको ते ठरवा. इन्व्हर्टर असला म्हणून यातलं काही टळत नाही. लाइट असताना घरचा साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज तशीच पुढे पाठवतो.

आणि वीज अगदी जवळ पडली तर दोन्ही विसरा, म्हणून लांबून गडगडाट ऐकू आला की तेव्हाच प्लग काढा. केबलची वायरही काढा, झटका तिच्यातूनही येतो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. स्पाइक गार्डमधल्या काही चकत्या झटका अर्थिंगकडे वळवतात, आणि अर्थिंगच कोरडं असेल तर त्यांनी तो वळवायचा कुठे? आमच्याकडे खाली सगळा चिरा (जांभा दगड). उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा होतो आणि करंट जमिनीत नीट मुरत नाही, नेमका पहिल्या गडगडाटाच्या दिवसांत. म्हणून एप्रिलपासून मिरगापर्यंत आठवड्यातून एकदा मी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. यंदा इलेक्ट्रिशियनकडून त्याचा रेझिस्टन्सही मोजून घेतला.