बीअर महोत्सवातली पसंती आणि होमब्रू स्पर्धेतले गुण

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, क्राफ्ट बीअरची, म्हणजे छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या बीअरची, आवड लागलेल्या मराठी माणसाला वर्षभरात दोन प्रकारची आमंत्रणे येत असतात. एक बीअर महोत्सवाचे. तिथे तिकीट काढायचे, दारात मिळालेला छोटा पेला हाती घ्यायचा आणि ओळीने मांडलेल्या टेबलांवरून फिरत निरनिराळ्या ब्रुअरींची बीअर थोडी थोडी चाखायची. दुसरे होमब्रू स्पर्धेचे, म्हणजे हौशी मंडळींनी आपापल्या स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये बनवलेल्या बीअरच्या परीक्षणाचे. दोन्हीकडे लहान पेल्यातून पुष्कळ बीअर चाखली जाते, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स (कडवटपणा व सुगंध देणारी फुले) यांच्याच गप्पा चालतात आणि 'सर्वोत्तम' हा शब्द सतत कानावर पडतो, त्यामुळे या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. या गैरसमजाचा त्रास मात्र दोन्ही बाजूंना होतो. मित्रमंडळींनी डोक्यावर घेतलेली आपली बीअर स्पर्धेतून 50 पैकी 27 गुण घेऊन परत आली की बनवणारा खचून जातो, आणि पदक मिळालेली बीअर पहिल्यांदाच पिणारा पाहुणा 'हिच्यात एवढे काय आहे?' म्हणून पेला खाली ठेवतो.

मुळात दोन्ही ठिकाणी विचारला जाणारा प्रश्नच निराळा आहे. महोत्सवात टेबलामागची व्यक्ती आपल्याला विचारते, 'आवडली का?' स्पर्धेतल्या परीक्षकासमोरचा प्रश्न असा असतो की, ज्या नावाने ही बीअर दाखल झाली त्या नावाला ती किती जागते, आणि जिथे जागत नाही तिथे बनवताना काय चुकले असावे. पाककला स्पर्धेत पुरणपोळीच्या गटात एखादीने अप्रतिम खव्याची पोळी ठेवली, तर आपण ती दोन घास जास्तच खाऊ. पण परीक्षक तिला पहिला क्रमांक देणार नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना अरसिक म्हणणेही योग्य होणार नाही.

हे 'नाव' ठरते शैलींवरून, म्हणजे बीअरच्या ठरलेल्या प्रकारांवरून. अमेरिकेतल्या बहुतेक होमब्रू स्पर्धा 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या 1985 मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार होतात. तिला सगळे बीजेसीपी म्हणतात. तिच्या शैलीपुस्तिकेची 2021 ची आवृत्ती सध्या प्रचलित असून तिच्यात प्रत्येक शैलीचा वास, रंग, चव, कडवटपणा आणि अल्कोहोलचे प्रमाण यांचे वर्णन दिलेले आहे. जर्मन पिल्स या शैलीत अल्कोहोल 4.4 ते 5.2 टक्के असावे, कडवटपणा 22 ते 40 आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) असावा आणि शेवट कोरडा, स्वच्छ असावा, अशी अपेक्षा असते. बव्हेरियातल्या गव्हाच्या वाइसबिअरमध्ये मात्र पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास हवाच असतो, आणि तो केळे किंवा लवंग घालून आणायचा नसतो, तर त्या विशिष्ट यीस्टनेच आंबवताना निर्माण करायचा असतो. आता हाच लवंगेचा वास पिल्समध्ये आला तर तो दोष ठरतो. लोण्यासारखा, पॉपकॉर्नची आठवण करून देणारा डायअसिटिल नावाचा घटक चेक पद्धतीच्या फिकट लागरमध्ये, म्हणजे थंड तापमानात आंबवलेल्या बीअरमध्ये, अगदी थोड्या प्रमाणात चालतो, पण जर्मन पिल्समध्ये तो चालत नाही. एकच वास एका घरात पाहुणा असतो आणि दुसऱ्या घरात घुसखोर, हे एकदा लक्षात आले की स्पर्धेतल्या निकालांचे अर्धे कोडे सुटते. म्हणूनच बीअर कोणत्या गटात दाखल करायची, हा निर्णय ती बनवण्याइतकाच महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. पोर्टर आणि स्टाउट या दोन्ही काळपट बीअर. पोर्टर म्हणून बनवलेली बीअर भाजक्या दाण्याच्या कडवटपणामुळे स्टाउटकडे झुकली असेल, तर अहंकार बाजूला ठेवून ती स्टाउटच्या गटात पाठवावी. पाककृतीवर काय लिहिले होते ते परीक्षकांना ठाऊक नसते. त्यांच्यासमोर फक्त पेला असतो.

गुणपत्रिकेत पन्नास गुणांची विभागणी अशी असते: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाला व फसफसण्याला 5 आणि एकूण परिणामाला 10. महोत्सवात आपण पेला उजेडात धरून रंगाचे कौतुक करतो, फेसाचा फोटो काढतो, आणि स्पर्धेत त्या साऱ्या देखणेपणाला मिळून तीनच गुण! नाकाला मात्र त्याच्या चौपट महत्त्व आहे. एकूण 45 किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे असाधारण बीअर, 38 ते 44 म्हणजे उत्कृष्ट, 30 ते 37 म्हणजे खूप चांगली, तर 21 ते 29 म्हणजे चांगली पण शैलीपासून ढळलेली किंवा किरकोळ दोष असलेली. याचा अर्थ असा की 27 गुण म्हणजे नापास नव्हे. आपल्याकडच्या शाळेच्या सवयीने आपण या आकड्याची टक्केवारी काढतो आणि उगाच दुःखी होतो.

परीक्षणाची पद्धतही महोत्सवाहून अगदी वेगळी असते. बाटलीवर लेबल नसते, फक्त क्रमांक असतो. किमान दोन परीक्षक एका टेबलावर बसून आधी एकमेकांशी न बोलता आपापली पत्रिका भरतात, मग चर्चा करून गुणांमधली तफावत कमी करतात. ज्या गटात स्वतःची बीअर आहे त्या गटाचे परीक्षण कोणी करत नाही. मध्ये मध्ये पाणी आणि साधा पाव किंवा बिनमिठाची बिस्किटे, एवढेच खाणे असते. मी पहिल्यांदा अशा स्पर्धेत गेलो तो मदतनीस म्हणून. बाटल्या योग्य क्रमाने टेबलावर आणून देणाऱ्या आणि कागद सांभाळणाऱ्या या मदतनिसाला तिथे स्टुअर्ड म्हणतात. संगीत नाही, गर्दी नाही, पंधरा-वीस टेबलांवर माना खाली घालून लिहिणारी माणसे, असे ते दृश्य होते. एका परीक्षकाने पेल्यावर हात ठेवून वास कोंडला, हात काढून तीनदा छोटे श्वास घेतले आणि एक थेंबही न पिता पाच ओळी लिहिल्या. त्या पाच ओळी वाचल्यावर मला समजले की इथे बीअर पिण्यासाठी कोणी जमलेले नाही.

या दोन गोष्टींची गल्लत किती जुनी आणि किती स्वाभाविक आहे, हे पाहायचे असेल तर 'ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हल'चा इतिहास पाहावा. अमेरिकेतल्या होमब्रू चळवळीचे अग्रणी चार्ली पपाझियन यांच्या पुढाकाराने हा महोत्सव 1982 मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी सुरू झाला आणि दोन वर्षांनी डेन्व्हरला गेला. सुरुवातीच्या वर्षांत तिथली सर्वोत्तम बीअर आलेल्या लोकांच्या मतदानाने ठरत असे. 1985 मध्ये, बाजारात येऊन काही आठवडेच झालेल्या सॅम्युअल अ‍ॅडम्स बॉस्टन लागरने हे मतदान जिंकले आणि त्या विजयाचा तिच्या प्रसिद्धीत मोठा वाटा होता. परंतु गर्दीने दिलेले मत हे चवीबरोबरच टेबलावरची मांडणी, ओघवते बोलणे, वाटलेल्या भेटवस्तू आणि रांगेची लांबी यांनाही दिलेले असते. प्रसिद्धीवर खर्च करू शकणाऱ्यालाच त्याचा लाभ होतो, अशी तक्रार इतर बीअरवाल्यांकडून होऊ लागली. 1987 पासून तिथे नाव झाकून चाखणाऱ्या व्यावसायिक परीक्षकांची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे लोकांचे मतदान बंद पडले. तेव्हापासून एकाच नावाखाली दोन स्वतंत्र कार्यक्रम चालतात: बंद दाराआड शैलीनुसार होणारी स्पर्धा आणि हजारो लोकांसाठीचा महोत्सव. त्या स्पर्धेत गुणही मोजत नाहीत, थेट सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके दिली जातात, आणि एखाद्या गटात त्या तोडीची बीअर नसेल तर परीक्षक पदक राखूनही ठेवू शकतात. पदके त्या सभागृहात जाहीर होतात म्हणून ती आपणच, म्हणजे तिकीट काढून आलेल्यांनी, दिली आहेत, असे अनेकांना अजूनही वाटते.

लोकमत टाकाऊ आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बीअर शेवटी माणसांनी आनंदाने पिण्यासाठीच असते. मात्र महोत्सवातल्या चाखण्याला एक अंगभूत मर्यादा असते आणि ती शरीराची आहे. डेन्व्हरच्या महोत्सवात एका वेळी एक औंस, म्हणजे साधारण 30 मिलिलीटर बीअर ओततात. एवढ्याशा घोटात जी बीअर सर्वांत मोठ्याने बोलते तीच लक्षात राहते: दहा टक्के अल्कोहोलची, व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली स्टाउट, किंवा हॉप्सचा मारा केलेली आयपीए (इंडिया पेल एल). तिच्यानंतर जिभेवर आलेली म्युनिकची हेलेस नावाची फिकट लागर, जी मुळात सौम्य, किंचित गोडसर आणि लिटरभर प्यायली तरी कंटाळा न आणणारी असावी अशीच घडवलेली असते, ती पाण्यासारखी वाटते. दोष हेलेसचा नसतो, क्रमाचा असतो. स्पर्धेत हेलेसची गाठ इतर हेलेसशीच पडते, म्हणून तिच्यातले बारकावे दिसतात. अर्थात स्पर्धाही या मोहातून पूर्ण सुटलेली नाही. शेवटच्या फेरीत, जिला 'बेस्ट ऑफ शो' म्हणतात, प्रत्येक गटाची विजेती बीअर एकाच टेबलावर येते, तिथे गुण दिले जात नाहीत, चर्चेने एकेक बाद करत जातात, आणि तेव्हा दमलेल्या जिभांना ठसठशीत चवीची ओढ वाटू शकते. चांगले परीक्षक हे जाणतात आणि एकमेकांना सावध करतात.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार येतो तो टेस्टिंगचा. एखाद्या ब्रुअरीत चार-सहा छोटे पेले ओळीने मांडून, हलक्या बीअरकडून जड बीअरकडे जात, माहितगार माणूस समजावून सांगतो. शिकण्यासाठी तिन्हींत हाच प्रकार सर्वांत सोयीचा आहे, कारण इथे गर्दीही नसते आणि निकालही लावायचा नसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यातला कायद्याचा फरक ध्यानात ठेवायला हवा. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे स्वतः बनवलेली बीअर तिथेच पाजणारी छोटी जागा, सुरू झाली, त्यानंतर राज्यात अशा मायक्रोब्रुअरी वाढत गेल्या, आणि परवानाप्राप्त ठिकाणी, 21 वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी, टेस्टिंग किंवा महोत्सव हा अनुभव आता पुण्या-मुंबईत मिळू शकतो. परवान्याशिवाय घरी बीअर बनवणे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हाच आहे, त्यामुळे होमब्रू स्पर्धेची बाजू मुख्यतः परदेशातल्या मराठी मंडळींच्या वाट्याला येते. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरगुती बीअरला परवान्याची अट राहिली नाही. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा 1 फेब्रुवारी 1979 पासून लागू झाला. त्यानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात 200 गॅलन बीअर कर न भरता बनवता येते, विकता मात्र येत नाही. तरीही राज्यांचे कायदे वेगळे असल्याने अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत ही मुभा यायला 2013 साल उजाडले.

महोत्सवाला जाताना पोटभर जेवून जावे, गाडी चालवून परतायचे नसावे, आणि सुरुवातीचा तासभर फिकट, हलक्या बीअरसाठी राखून ठेवावा. मग पिंपातल्या स्टाउटकडे वळावे. ज्या बीअरबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही तिच्या टेबलापाशी थांबावे आणि बनवणाराच हजर असेल तर त्याला यीस्टबद्दल विचारावे. बहुतेक पाहुणे हॉप्सबद्दलच विचारतात, त्यामुळे यीस्टचा प्रश्न त्याला मनापासून सुखावतो. स्पर्धेत शिरायचे असेल तर स्वतःची बीअर पाठवण्याआधी एकदा स्टुअर्ड म्हणून काम करावे. त्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षक होण्यासाठी आधी एक ऑनलाइन परीक्षा आणि मग सहा बीअर चाखून प्रत्येकीची पत्रिका दीड तासात भरण्याची परीक्षा द्यावी लागते.

पदकाच्या आशेने स्पर्धेत उतरणाऱ्याला बहुतेक वेळा पदक मिळत नाही, पण पत्रिका मिळतेच, आणि महोत्सवातले शंभर लोक मिळूनही देऊ शकत नाहीत ते ती देते. 'छान आहे' या शब्दांनी पुढची बीअर सुधारत नाही. 'उकडलेल्या मक्याचा वास' असे लिहून आले तर भांड्यावर झाकण ठेवून उकळले किंवा पुरेसे उकळले नाही, असा संशय घेता येतो. 'हिरव्या सफरचंदाचा वास' असेल तर यीस्टचे काम संपण्याआधीच बीअर काढली असण्याची शक्यता असते. 'लोणी' लिहिले असेल तर पुढच्या वेळी आंबवण संपत आल्यावर तापमान थोडे वाढवून दोन दिवस थांबावे, म्हणजे यीस्ट डायअसिटिल स्वतःच शोषून घेते. 'भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी' असे असेल तर बाटलीत भरताना हवा शिरली असावी. मात्र हे शब्द कागदावर वाचून नाकाला कळत नाहीत. म्हणून स्पर्धेला बाटल्या पाठवताना त्याच घाण्यातली एक बाटली घरच्या फ्रिजमध्ये राखून ठेवावी, पत्रिका आली की ती उघडावी, आणि परीक्षकाची ओळ बोटाने धरून तो वास आपल्या पेल्यात सापडतो का, ते शोधावे.