‘नो कॉस्ट’ हप्ता की रोखीची सूट? आणि एकाच नावाचे दोन फोन

२०२३ च्या दिवाळीआधी राजापूरहून मामाचे व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. दुकानाच्या काचेवर मांडलेली दोन खोकी. एकावर ‘रेडमी नोट १२’, दुसऱ्यावर ‘रेडमी नोट १२ ५जी’. खाली मजकूर: ‘फोन एकच आहे ना रे? मग तीन हजार जास्त कसले मागतोय?’

मामाची शंका रास्त होती. दोन्हींचा पडदा ६.६७ इंची, ॲमोलेड, १२० हर्ट्झचा. बॅटरी दोन्हीत ५,००० एमएएच, चार्जिंग ३३ वॅटचं. वजनात पाच ग्रॅमचाही फरक नाही. त्या वर्षी बाजारात आले तेव्हा ५जीवाल्याची किंमत १७,९९९ पासून होती आणि साध्याची १४,९९९ पासून.

गंमत अशी की आकडेच वाचत बसलं तर स्वस्त फोन सरस वाटतो. साध्याचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, महागाचा ४८ चा. सगळ्यात स्वस्त मॉडेलात साध्याला सहा जीबी रॅम, महागाला चार. साधा अँड्रॉइड १३ घेऊन आला, महागडा अँड्रॉइड १२. प्रोसेसरचं, म्हणजे फोन चालवणाऱ्या मुख्य चिपचं, नाव पाहावं तर साध्यात स्नॅपड्रॅगन ६८५ आणि महागात स्नॅपड्रॅगन ४ जेन १. आता ६८५ मोठा की ४ मोठा? बालवाडीतलं पोरही सांगेल.

पण फरक आहे तो नेमका तिथेच. ६८५ मधले जोरकस कोर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) कॉर्टेक्स ए७३ जातीचे, म्हणजे २०१६ सालचा आराखडा. ४ जेन १ मधले ए७८, म्हणजे २०२० चा. नवा फोन पहिले सहा महिने कसाही पळतोच. ॲप जड होत गेली की तिसऱ्या वर्षी जुना आराखडा धापा टाकायला लागतो. कॅमेऱ्याच्या ५० आणि ४८ ला तर काहीच अर्थ नाही. दोन्ही फोन चार पिक्सेलांचा एक करून शेवटी बारा-साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. साठवणीची जागा मात्र बघायची: साध्याच्या सुरुवातीच्या मॉडेलात ६४ जीबी, ५जीवाल्यात १२८. मामाच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी जेवढी फुलं उमलतात ती पाहता ६४ जीबी वर्षभरात भरले असते.

‘पण आमच्या वाडीत ५जी येतंच कुठे?’ हा मामाचा पुढचा मुद्दा. रेंज येईल तेव्हा येईल, मी ५जीसाठी तो फोन सुचवत नव्हतो. प्रोसेसर आणि जागा, बस. मामाने तीन वर्षांच्या आत फोन बदलला असता तर मीच म्हणालो असतो साधा घे आणि तीन हजार वाचव. पण त्याचा आधीचा फोन पाच वर्षं टिकला होता, मागे रबरबँड लावून.

फोन ठरला. मग आली खरी गुंतागुंत. दुकानातल्या पोराने मामाला दोन वाटा सांगितल्या. क्रेडिट कार्डावर एकरकमी भरलेत तर लगेच १,५०० ची सूट. नाहीतर सहा महिन्यांचे ‘नो कॉस्ट’ हप्ते, महिन्याला तीन हजार, व्याज शून्य. मामा खूश. व्याज नाही म्हणजे फुकटचे सहा महिने.

व्याज शून्य नसतं. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांवर हरकत घेतली, तेव्हापासून बँक व्याज लावतेच. फक्त तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून आधीच वजा करते. समजा फोन १८,००० चा आणि बँकेचा दर वर्षाला १६ टक्के. विक्रेता किंमत १७,१८९ वर आणतो, बँक त्यावर सहा महिन्यांत ८११ रुपये व्याज घेते, बेरीज पुन्हा १८,०००. इथवर हिशोब जुळतो. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो झाला १४६. प्रोसेसिंग फी समजा १९९, तिच्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे २३५. दोन्ही मिळून ३८१ रुपये आणि ते विक्रेता सोसत नाही. पहिल्या बिलात ही ओळ दिसली की माणसं बँकेला फोन लावून भांडतात. बँकेचं काही चुकलेलं नसतं, अटींत ते लिहिलेलंच असतं.

तरी ३८१ हा खरा तोटा नव्हेच. खरा तोटा हातची गेलेली दीड हजाराची सूट. एकरकमीत फोन १६,५०० ला पडत होता, हप्त्यांनी १८,३८१ ला. फरक १,८८१. हा आकडा सहा महिन्यांच्या कर्जाचा खर्च म्हणून बघा. शिवाय १६,५०० सहाही महिने आपल्याकडे राहत नाहीत, दर महिन्याला घटत जातात. सरासरी काढली तर बाकी साडेनऊ हजारांच्या आसपास. साडेनऊ हजारांवर अर्ध्या वर्षाला १,८८१! वर्षाचा दर ३९ टक्क्यांच्या घरात जातो. मामाला मी विचारलं, ‘पतपेढीने हा दर सांगितला तर तू काय करशील?’ त्याने जे उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

याचा अर्थ हप्ते नेहमीच वाईट असा नाही. काही सेलमध्ये बँकेची सूट हप्त्यांवरही तितकीच मिळते, क्वचित हप्त्यांवर जास्तच. तसं असेल तर उरतात ते जीएसटी आणि फीचे ते तीन-चारशे रुपये, आणि तेवढ्यात सहा महिन्यांची उसंत मिळत असेल तर मी खुशाल हप्ते घेतो. म्हणून दुकानात ‘व्याज किती’ हे विचारायचंच नाही. विचारायचं ते एवढंच: आत्ता सगळे पैसे टाकले तर किती, आणि हप्त्यांनी शेवटच्या रुपयापर्यंत किती? दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्यायचे. दुकानदार चुळबुळ करतो, पण लिहितो.

कार्ड नसेल तर दुकानातलं फायनान्सवाल्याचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीचं, टेबल. तिथे व्याजावर जीएसटी नसतो, फीवर असतो. पण ते रीतसर कर्ज असतं, सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं, आणि हप्ता बाउन्स झाला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा. माझ्या एका शेजाऱ्याच्या हप्त्यात तर त्याला न सांगता ‘स्क्रीन प्रोटेक्शन’चे अठराशे रुपये घुसवले होते. हे त्याला चौथ्या महिन्यात कळलं, तेही स्क्रीन फुटल्यावर नव्हे, सहज स्टेटमेंट उघडलं म्हणून.

मामाने जाता जाता हेही विचारलं की नव्या फोनला पोस्टपेड घेऊ का. नको म्हटलं. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत तो बाहेर असतो. ४४९ चा प्लॅन बिलात ५२९.८२ होऊन येतो. उलट प्रीपेडवालेही साधे नाहीत. २८ दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. २०२२ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवायला लावला, पण तो यादीत खाली कुठेतरी असतो, शोधावा लागतो. मामाचं बोलणं दिवसाला दोन फोन, तेही मामीला, शेजारच्या खोलीत. त्याला पोस्टपेड कशाला?

खोकं उघडण्याआधी मी एक काम करायला लावलं. बाजूच्या स्टिकरवर बनवल्याचा महिना-वर्ष, एमआरपी आणि दोन आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, असतात. इंग्रजीत ‘KYM’ लिहून जागा सोडून त्यातला एक आयएमईआय १४४२२ वर एसएमएस केला की फोन कोणता ते सरकारी नोंदीतून कळतं. नावात ‘५जी’ आहे की नाही एवढ्यावरच तीन हजारांचा फरक असताना हे दोन मिनिटांचं काम टाळू नये.

शेवटी फोन माझ्या कार्डावर एकरकमी घेतला, दीड हजारांची सूट पदरात पाडून, आणि मामाने मला सहा हप्ते बांधून दिले, २,७५० चा एक. फी नाही, जीएसटी नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयवर पैसे यायचे, सोबत ‘मोबाइल हप्ता’ अशी टीप. डिसेंबर ते एप्रिल पाच आले. मे महिन्यात पैसे आले नाहीत. आठ तारखेला एसटीच्या पार्सलने गवतात गुंडाळलेली पेटी आली, पाच डझन हापूस, वर बॉलपेनने लिहिलेलं: ‘हप्ता ६. आता विषय संपला.’