पुरस्कार आणि मान्यता (कला व विज्ञान)

कलावंताच्या किंवा वैज्ञानिकाच्या कामाला त्या क्षेत्रातील जाणकारांनी वा संस्थांनी दिलेली जाहीर पावती. पदक, रोख रक्कम, अकादमीचे सभासदत्व, शोधाला संशोधकाचे नाव मिळणे ही तिची प्रचलित रूपे.

काही पुरस्कार आधी प्रश्न मांडतात आणि उत्तराची वाट पाहतात. समुद्रावर रेखांश काढण्याच्या पद्धतीसाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचे इनाम लावले. सुतारकामातून घड्याळांकडे वळलेल्या जॉन हॅरिसनने त्यासाठी अचूक सागरी घड्याळ घडवले. पैशासाठी मात्र त्याला १७७३ पर्यंत, म्हणजे वयाच्या ऐंशीपर्यंत झगडावे लागले. १९०१ पासून दिली जाणारी नोबेल पारितोषिके दुसऱ्या प्रकारची : काम आधी, गौरव नंतर. हे ‘नंतर’ फार लांबू शकते. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा, मूलकणांना वस्तुमान कसे मिळते हे सांगणारा सिद्धांत १९६४ चा, पारितोषिक २०१३ चे. गणितातील फील्ड्‌स पदक याउलट चाळिशीच्या आतच मिळते. उशिरा बहरणाऱ्याला तिथे जागा नाही.

कारकिर्दीवर खरा परिणाम होतो तो पुरस्कारानंतर. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये त्याला ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले : ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते. दोघांनी मिळून काम केले तरी श्रेय नावाजलेल्याकडे सरकते. निधी, चांगले विद्यार्थी, पुढचे सन्मानही त्याच्याकडेच जातात. सुरुवातीचा थोडासा फरक असा वर्षानुवर्षे वाढत जातो.

जागा मोजक्या असल्याने लायक माणसे बाहेर राहतातच. फ्रेंच भाषा-साहित्याची मानाची संस्था असलेल्या फ्रेंच अकादमीत ४० आसने आहेत. नाटककार मोलिएरला त्यांतले एकही मिळाले नाही. अशांसाठी मर्टन यांनी ‘एकेचाळिसावे आसन’ हा शब्दप्रयोग वापरला. संगीतकार मॉरिस राव्हेल १९०५ मध्ये ‘प्री द रोम’ या तरुण कलावंतांसाठीच्या फ्रेंच सरकारी स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच बाद झाला. त्यावरून इतका गदारोळ उठला की पॅरिसच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख बदलला.

विज्ञानातले सर्वांत बोचणारे उदाहरण जॉसलिन बेल बर्नेल यांचे. १९६७ मध्ये केंब्रिजला संशोधक विद्यार्थिनी असताना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखांतला विचित्र संकेत त्यांनी टिपला आणि पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारे, वेगाने फिरणारे तारे) सापडले. १९७४ चे नोबेल मात्र त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. २०१८ मध्ये एका विशेष पुरस्काराचे ३० लाख डॉलर त्यांच्या हाती आले. भौतिकशास्त्रात ज्यांची संख्या कमी आहे अशा गटांतील विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी त्यांनी ती सगळी रक्कम देऊन टाकली.