मायल क्रीक की वॉटरलू क्रीक?

सात जणांना फासावर चढवलं गेलं ती कत्तल मायल क्रीकची. घोडेस्वार पोलिसांनी केली आणि त्यातल्या कोणालाही शिक्षा झाली नाही ती वॉटरलू क्रीकची. एवढं लक्षात राहिलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. गोंधळ होतो यात वाचकाचा दोष नाही. दोन्ही घटना १८३८ सालच्या, मध्ये जेमतेम साडेचार महिने. दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात, नॅमॉय आणि ग्वायडर या नद्यांच्या मुलखात. मारले गेले ते दोन्हीकडे तिथले आदिवासी, गमिलराय लोक. जुन्या कागदांत त्यांना कामिलारोई म्हटलंय. भरीस भर म्हणून ‘स्लॉटरहाउस क्रीक’ असंही एक नाव आहे. ते कधी वॉटरलू क्रीकलाच जोडतात, तर कधी त्याच वर्षीच्या तिसऱ्याच एका कत्तलीला.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी दोन शब्द चकवतात. क्रीक म्हटलं की मुंबईकराला ठाण्याची खाडी आठवते. ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा, तोही बऱ्याचदा उन्हाळ्यात आटणारा. आणि तिथलं ‘स्टेशन’ म्हणजे गाडी थांबायची जागा नव्हे. हजारो एकरांचं चराऊ रान, मध्ये दोन-चार झोपड्या, गुरांचा वाडा आणि आसपासच्या कित्येक मैलांत दुसरा गोरा माणूस नाही, असं ते स्टेशन.

अशी स्टेशनं उभी राहिली ती सरकारच्या डोळ्यांदेखत आणि सरकारी नियम मोडून. १८२९पर्यंत सरकारने एकोणीस परगण्यांची हद्द आखली होती आणि वस्ती त्याच्या आतच करायची असं ठरवलं होतं. पण इंग्लंडातल्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि मेंढ्यांना हद्द कळत नाही. लोक कळप घेऊन हद्दीपलीकडे गेले आणि बसले. यांनाच स्क्वॉटर म्हणतात. शब्दावरून झोपडपट्टी डोळ्यांपुढे येते, पण हे बहुतेक भांडवलवाले होते. १८३६मध्ये सरकारने हात टेकले आणि वर्षाला दहा पौंडांच्या परवान्यावर हद्दीबाहेर चराई करायला मुभा दिली. ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न परवान्याच्या कागदावर कुठेच नव्हता. प्रत्यक्ष रानात मात्र तो रोज पडत होता. गुरं पाणवठे तुडवत, शिकार पळून जाई. मग गमिलराय लोक गुरं मारत, कधी एकटादुकटा गुराखीही भाल्याने मारला जाई. गोऱ्यांनी त्यांच्या बायका पळवणं हेही त्यामागचं एक कारण होतं, पण सिडनीकडे जाणाऱ्या तक्रारअर्जांत ते क्वचितच सापडतं.

१८३७च्या डिसेंबरात गव्हर्नर बोर्क वसाहत सोडून गेला होता आणि नवा गव्हर्नर जॉर्ज गिप्स यायचा होता. मधल्या काळात कारभार कर्नल केनेथ स्नॉडग्रासकडे होता. स्क्वॉटरांच्या तक्रारी आल्यावर त्याने मेजर जेम्स नन याला वीस-पंचवीस स्वार देऊन उत्तरेला धाडलं. हुकूम असा की स्वतःच्या विचाराने वाग आणि हे उपद्रव मोडून काढ. इतका सैल हुकूम कोणत्या फौजदाराला आवडणार नाही? ननने वाटेत पंधरा गमिलराय पकडले. त्यातले बहुतेक सोडून दिले. एक पळताना गोळीने मेला आणि एकाला वाटाड्या म्हणून बरोबर घेतलं.

२६ जानेवारी १८३८ला ही तुकडी एका ओढ्यापाशी मोठ्या मुक्कामावर जाऊन थडकली. आपल्याला ती तारीख प्रजासत्ताक दिनाची. तिथे तेव्हा सिडनीत वसाहतीची पन्नास वर्षं साजरी होत होती: सुट्टी, बंदरात होड्यांच्या शर्यती. इकडे ओढ्यावर एका स्वाराच्या पायात भाला घुसला आणि गोळीबार सुरू झाला. लोक ओढ्याच्या पात्रातून पळाले, स्वारांनी पाठलाग केला, पुढे पुन्हा गाठलं. किती मेले? ननच्या म्हणण्याप्रमाणे चार-पाच. त्याचा दुय्यम अधिकारी कॉबन याने तीन-चार सांगितले. त्याच तुकडीतला सार्जंट जॉन ली म्हणाला, चाळीस ते पन्नास. मिशनरी लॅन्सलॉट थ्रेलकेल्डच्या कानावर शंभराच्या वरचा आकडा आला होता. एकाच ठिकाणी, एकाच दिवशी हजर असलेल्या माणसांच्या सांगण्यात दहापट फरक आहे. या प्रकरणाचं सगळं वेगळेपण मला या फरकात दिसतं. साक्षीदार सगळे खाकीतलेच म्हणायचे, आणि समोरच्या बाजूची जबानी कोणी घेतली नाही.

मायल क्रीकला उलटं झालं. तिथे काय घडलं ते जवळजवळ तासातासाने ठाऊक आहे.

मायल क्रीक हे स्टेशन हेन्री डँगरचं. (डँगर आणि आपला धनगर यांचा संबंध काही नाही, कळप सोडले तर.) आजच्या बिंगारा गावाजवळ हे रान आहे. विर्रायाराय हा गमिलरायांमधलाच एक गट काही आठवड्यांपासून तिथे मुक्कामाला होता. चार्ल्स किलमाइस्टर या गुराख्यानेच त्यांना बोलावलं होतं. संध्याकाळी ही मंडळी नाचत-गात आणि तोही त्यांच्यात बसे. रविवार १० जून १८३८ला कारभारी विल्यम हॉब्ज गुरं घेऊन दूर गेला होता. विर्रायारायांमधले धडधाकट पुरुष झाडांच्या साली काढायला शेजारच्या स्टेशनवर गेले होते. मागे राहिले ते म्हातारे, बायका आणि पोरं.

दुपार कलताना घोड्यांवरून तलवारी-पिस्तुलं घेतलेली टोळी आली. लोक धावत जॉर्ज अँडरसनच्या झोपडीत शिरले. अँडरसन म्हणजे झोपडीची राखण करणारा, इंग्लंडातून काळ्या पाण्यावर धाडलेला कैदी. टोळीने लोकांना एका लांब दोराला बांधलं आणि रडत-ओरडत असताना पश्चिमेकडे नेलं. ज्याच्याबरोबर ते संध्याकाळी नाचत, तो किलमाइस्टर आपला घोडा घेऊन टोळीत सामील झाला. अँडरसनने जायला नकार दिला. थोड्या वेळाने त्याला दोनच गोळ्यांचे आवाज ऐकू आले. बाकीचं काम तलवारींनी झालं. पुढे टोळी प्रेतं जाळायला परत आली, विस्तव नेला, आणि सगळं नीट जळतंय ना याकडे लक्ष ठेवायचं काम किलमाइस्टरवर सोपवून निघून गेली.

काही दिवसांनी हॉब्ज परतला. डेव्ही नावाचा तरुण आदिवासी गुराखी, खरं नाव यिंतायिंतिन, त्याला जागेवर घेऊन गेला. हॉब्जने डोकी मोजायचा प्रयत्न केला. दुर्गंधीत नीट मोजता येईना. जास्तीत जास्त २८ भरली. आजही हाच आकडा ‘किमान’ म्हणून सांगितला जातो. हॉब्जने हे दडपलं नाही, खबर वर पोचली. तोवर गिप्स आला होता. त्याने एडवर्ड डेनी डे या मॅजिस्ट्रेटला पाठवलं. डेने तपास करून बारापैकी अकरा जण पकडले. तो पोचेपर्यंत जागा साफ करण्यात आली होती, उरले होते हाडांचे तुकडे आणि दात.

खटला दोनदा चालला. १५ नोव्हेंबरला पहिला. आरोप ‘डॅडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या खुनाचा. प्रेत त्याचंच कशावरून, असा पेच बचावाने टाकला आणि ज्युरीने वीस मिनिटांच्या आत सगळ्यांना निर्दोष सोडलं. अॅटर्नी जनरल जॉन प्लंकेट बधला नाही. अकरातल्या सात जणांवर त्याने एका लहान मुलाच्या खुनाचा नवा आरोप ठेवला. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायमूर्ती बर्टन यांच्यापुढे ते दोषी ठरले आणि १८ डिसेंबर १८३८ला सिडनीच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. मरण्यापूर्वी त्यांनी गुन्हा नाकारला नाही. काळ्यांना मारल्याबद्दल गोऱ्यांचा जीव घ्यावा हे फार कठोर आहे, एवढीच त्यांची तक्रार होती, असं गिप्सने लंडनला कळवलं. मला यात बनाव वाटत नाही. जे कृत्य अवतीभवती सर्रास चाललेलं होतं, त्यासाठी फाशी होते ही गोष्ट त्यांना खरोखरच नवी असावी.

चार आरोपी उरले. त्यांच्याविरुद्ध डेव्हीची साक्ष हवी होती. अडचण कायद्याची होती: आदिवासी ख्रिस्ती नाही, म्हणून बायबलवर शपथ घेऊ शकत नाही, म्हणून त्याची साक्ष चालत नाही. त्याला शपथेचा अर्थ शिकवावा म्हणून सुनावणी पुढे ढकलली. मग डेव्ही नाहीसाच झाला. १८३९च्या फेब्रुवारीत चौघं सुटले.

आता वॉटरलू क्रीककडे परत. तिथलीही चौकशी झाली, पण १८३९मध्ये, वर्ष उलटून गेल्यावर. त्याच डेच्या पुढे जबान्या झाल्या. नन, कॉबन, ली यांनी आपापले आकडे सांगितले. गिप्स आणि त्याच्या मंडळाने कागद वाचले आणि पुढे काही करायचं नाही असं ठरवलं. तुकडी सरकारी हुकमाने गेली होती, पहिला भाला समोरून आला होता, एवढं त्यांना पुरलं. मायल क्रीकवर सरकारने कैद्यांना दोषी ठरवलं. वॉटरलू क्रीकवर खटला भरायचा तर स्वतःच्याच मेजरवर भरावा लागला असता, आणि मग हुकूम देणाऱ्यावरही.

म्हणून ‘मायल क्रीकला न्याय झाला’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. फासावर गेले ते सातही जण कैदी किंवा माजी कैदी. टोळीचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग हा वसाहतीतच जन्मलेला, कैदी नसलेला, एका स्टेशनवाल्या घरातला. अकरांत नसलेला बारावा तोच. त्याच्यावर इनाम लागलं, पण तो सापडला नाही. पुढे विल्बरफोर्स गावी तो चर्चचा विश्वस्त झाला, मानद न्यायाधीशही झाला, आणि १८९४मध्ये म्हातारा होऊन मेला.

आणि मालक? डँगर १७९६मध्ये कॉर्नवॉलमध्ये जन्मला, १८२१मध्ये वसाहतीत आला आणि हंटर खोऱ्याची मोजणी करणारा सरकारी सर्व्हेअर झाला. मोजणीची साखळी त्याच्याच हातात असल्यामुळे चांगली जमीन कुठे आहे हे त्याला आधी कळे. या माहितीचा स्वतःसाठी वापर केल्याचं ठरून १८२७मध्ये त्याला नोकरीतून काढलं. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात ज्यांनी जमिनी गमावल्यात त्यांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. मग तो एका मोठ्या खासगी जमीन कंपनीचा सर्व्हेअर झाला, उत्तरेकडची कुरणं नजरेखाली घातली आणि स्वतःची स्टेशनं पसरवत नेली. कत्तलीच्या वेळी तो तिथे नव्हता. नंतर मात्र त्याची बाजू कुठली होती ते स्पष्ट दिसतं. इतर स्क्वॉटरांबरोबर त्याने आरोपींच्या वकिलांचा खर्च उचलला. ज्याच्या साक्षीवर खटला उभा होता त्या अँडरसनवर शपथेवरही विश्वास ठेवू नये, असं त्याने कोर्टात सांगितलं. खबर देणाऱ्या हॉब्जची नोकरी गेली. १८४५मध्ये डँगर विधान परिषदेत निवडून आला, आणि १८५०च्या सुमारास त्याच्या ताब्यात तीन लाख एकरांहून अधिक जमीन होती.

फाशीमुळे सरहद्दीवरच्या कत्तली थांबल्या नाहीत. त्यांच्याबद्दल उघड बोलणं बंद झालं. मायल क्रीकच्या टोळीने झोपडीतल्या माणसासमोर दोर काढला होता, इतकी ती बेफिकीर होती. त्यानंतर साक्षीदार राहणार नाही याची काळजी घेतली जाऊ लागली.

आज मायल क्रीकला स्मारक आहे. १० जून २००० रोजी ते खुलं झालं, मारणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे वंशज दोघेही त्यात होते. टेकडीवरून वळणावळणाची पायवाट जाते, वाटेत फलक लागतात, शेवटी एक मोठा खडक. २००५मध्ये कोणीतरी येऊन फलकांवरचे नेमके शब्द छिन्नीने उडवले: ‘खून’, ‘स्त्रिया’, ‘मुलं’. २००८मध्ये जागा राष्ट्रीय वारसा यादीत गेली. १८३८मध्ये आरोपींची बाजू उचलून धरणाऱ्या सिडनीच्या दैनिकाने २०२३च्या जूनमध्ये अग्रलेखातून माफी मागितली.

हे सगळं होऊ शकलं कारण जागा माहीत आहे. अँडरसनने दिशा सांगितली, डेव्हीने नेऊन दाखवलं, हॉब्जने मोजलं. वॉटरलू क्रीकच्या नेमक्या जागेबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. बहुतेकदा बोट दाखवलं जातं ते मोरी गावाच्या नैर्ऋत्येला, ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या एका पाणथळ जागेकडे. नकाशात तिचं नाव आहे स्नॉडग्रास लगून.