खूर टायरपेक्षा जोरात दाबतो, तरी मुळं का वाचतात?

लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये उन्हाळ्यात शायर जातीच्या दांडग्या घोड्यांची जोडी ब्रॅकन नावाच्या नेच्याची वाढ आवरायला त्याच्यावर रूळ फिरवते. ते पाहून हमखास ऐकू येतं, 'ट्रॅक्टरपेक्षा घोडा हलका, म्हणून जमीन दबत नाही.' जमीन कमी दबते हे खरं, पण त्याचं कारण इतकं सरळ नाही.

दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे शाळेत शिकलो आहोत. शायर 900 किलोचा धरू. चालताना पुढच्या एका पायावर क्षणभर वजनाच्या सुमारे 60 टक्के, म्हणजे 540 किलो भार येतो. 18 सेंमी व्यासाच्या खुराखाली दाब होतो चौरस सेंटीमीटरला 2.1 किलो. 5 टनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर दीड टन भार असला, तरी रुंद टायर तो 1,250 चौरस सेंमीवर पसरवतो. दाब फक्त 1.2 किलो! पृष्ठभागावर खूरच जास्त दाबतो.

खरी गंमत खाली आहे. दाब जमिनीत उतरताना आजूबाजूला पसरत विरतो आणि टेकलेला भाग जितका अरुंद, तितका तो लवकर विरतो. बूसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने 1885 मध्ये मांडलेल्या सूत्रांवरून हिशोब असा: टेकलेल्या वर्तुळाची त्रिज्या भागिले खोली, याचा वर्ग करून त्यात 1 मिळवा, त्याच्या व्यस्ताचा दीडावा घात 1 मधून वजा करा. उरतो तो त्या खोलीवर पोचणारा हिस्सा. 40 सेंमीवर खुराचा 7 टक्के दाब पोचतो, टायरचा 28 टक्के. म्हणजे 0.15 किलो विरुद्ध 0.34 किलो. माती एकसारखी धरलेला हा अंदाज आहे, पण फरक दुपटीहून जास्त आहे. रूळ तर दोघांच्याही मागे असतोच.

इथल्या शेकडो वर्षं जुन्या ओक वृक्षांना हाच फरक तारतो. वरची दबलेली माती गांडुळं आणि हिवाळ्यातलं गोठणं-वितळणं पुन्हा मोकळी करतात. खोलवर मिटलेल्या पोकळ्या मात्र वर्षानुवर्षं उघडत नाहीत आणि मुळांना हवा मिळत नाही. शिवाय चाक सलग चाकोरी पाडतं, खुरांचे ठसे सुटे पडतात.

अट एकच, वाफसा हवा. मूठभर माती तळव्यावर वळून पाहा. तिची 3 मिमी जाडीची अखंड वळी झाली, तर त्या दिवशी घोडे जुंपू नयेत. ओल्या चिकणमातीत खूर रुततो आणि वरचा थर चिखल होऊन जातो.

नालेबद्दलही सांगायला हवं. खूर महिन्याला जवळपास 1 सेंमी वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापावा लागतो. नालेचं मुख्य काम खुराची झीज रोखणं. काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकून किंवा तिची अंगठी घालून साडेसाती टळते, हा निव्वळ धंदा आहे.

आता रुळाचं काम. ब्रॅकन कापत नाहीत, रुळाच्या कडांनी देठ जागोजागी चेचतात. कापलं तर जमिनीखालच्या खोडावरचे कोंब लगेच फुटतात. चेचलेलं पान अर्धवट जिवंत राहून खोडातला साठा खात राहतं. पानं पूर्ण उलगडतात तेव्हा हा साठा तळाला गेलेला असतो, म्हणून पहिली फेरी तेव्हा आणि दुसरी सुमारे सहा आठवड्यांनी. त्याआधी जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलांची जागा पाहून ती सोडून द्यावी लागते. हे लागोपाठ तीन-चार वर्षं करायचं. मध्ये एक वर्ष चुकलं की खोड पुन्हा भरतं.